थर्टी फर्स्ट, टपरी आणि श्रावण: यंदा काय सोडताय, काय कमी करताय?

चौथी_सीट (२७ डिसेंबर)

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या लोअर परळच्या टपरीवर एकच चर्चा, एक तारखेपासून बंद. यंदा मी पण त्यात आहे. चाळिशी उलटली, रोजचं अर्धं पाकीट, शुक्रवारी ग्रुपसोबत बसणं, आणि ग्रुपमधल्या दोघांचं वीकेंडला ते दुसरं, गांजा पण चालतं, ते मी करत नाही पण धूर तर खातोच.

धागा काढायचं कारण असं की मला एक गोष्ट कळत नाही. याच ग्रुपमधले निम्मे जण श्रावण कडक पाळतात. गटारीला टाकी फुल करतात आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंब नाही, काहीजण तर थेट अनंत चतुर्दशीपर्यंत खेचतात. अ‍ॅप नाही, कोच नाही, काही नाही. आणि हीच माणसं एक जानेवारीला जो संकल्प करतात तो तिळगूळ वाटेपर्यंत पण टिकत नाही. माणूस तोच, लिव्हर तेच, मग गाडी कुठे अडते?

कोण काय सोडतंय, काय कमी करतंय, कसं करतंय ते लिहा. दारू, सिगारेट, गांजा, तंबाखू सगळं चालेल. फक्त लेक्चर नको, त्याला सकाळचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत.

खारीबटर

वाचतोय. चकणा घेऊन बसलोय.

ठाण्याची_काकू

बायकांनी लिहिलेलं चालेल ना? नसेल चालत तरी लिहिते.

अहो श्रावणात एकटा माणूस सोडत नाही, अख्खं घर सोडतं. फ्रिजमध्ये मासळी नाही, शेजारी नाही, ऑफिसच्या डब्यात नाही. आणि "श्रावण आहे" एवढं म्हटलं की समोरचा गप्प, आग्रह करणाऱ्यालाच पाप लागतं. जानेवारीत नको म्हणून बघा. पुरुष असेल तर 'अँटिबायोटिक चालू आहे का रे', बाई असेल तर 'काही गुड न्यूज?' मला हे सत्तेचाळिसाव्या वर्षी भर टेबलावर विचारलंय, नवऱ्याच्या बॉसच्या बायकोने.

माझं म्हणाल तर लॉकडाऊनमध्ये रात्री स्वयंपाक करता करता एक ग्लास वाईन सुरू झाली ती आजतागायत. ग्लास तोच पण भरायची रेघ वर सरकत गेली. होम डिलिव्हरीचा मुलगा आता नाव पण विचारत नाही, बेल वाजवतो, पिशवी दाराला लावतो, जातो. मला त्याचंच वाईट वाटलं एकदा, की याला पाठ आहे. पूर्ण सोडणार नाहीये, सोमवार ते गुरुवार बाटली घरात ठेवायची नाही एवढंच ठरवलंय.

अवांतर: आमच्या सासूबाई चिपळूणच्या, तव्यावर भाजलेली मशेरी लागते. त्याला व्यसन म्हटलं की रागावतात, म्हणे दात घासते. दिवसातून पाच वेळा घासतात.

गोळेकाका

मुळात मनाचा निर्धार असेल तर काहीही अशक्य नाही. आजकालच्या पिढीत संस्कारच

खारीबटर

काका, पहिल्या पोस्टची शेवटची ओळ वाचा.

स्लो_लोकल

काकूंना अनुमोदन, पण श्रावणाचं फार कौतुक नको. श्रावण म्हणजे पॉजचं बटण आहे, आणि सगळ्यांना संपायची तारीख पाठ असते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कुठल्याही परमिट रूमबाहेर उभं राहून बघा. शिवाय अजून एक गोम आहे, ज्याला रोज लागतेच तो श्रावण पाळतच नाही, तो म्हणतो 'मी हे असलं काही मानत नाही', पुरोगामी होतो. म्हणजे श्रावण पाळणारे हे आधीपासूनच ज्यांना जमतं ते लोक आहेत. त्यांच्यावरून बाकीच्यांचा हिशोब काढू नका.

आग्रहावर माझा उपाय गाडीची चावी. 'मी चालवणार आहे' म्हटलं की कोणी ग्लास पुढे करत नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी दहा हजारापर्यंत दंड किंवा सहा महिने किंवा दोन्ही. थर्टी फर्स्टला बारना पहाटे पाचपर्यंत परवानगी देतात तसे नाक्यानाक्यावर पोलीस पण असतात. मागच्या वर्षभर सगळ्या पार्ट्यांना ड्रायव्हर मीच. लोक आता लग्नाला पण बोलावतात, मला नाही, गाडीला.

मापात_पाप

कमी करणाऱ्यांसाठी थोडं गणित, कारण आपल्याकडे 'मी फक्त बियर पितो' हे लोक 'मी फक्त वरणभात खातो' अशा आवाजात सांगतात.

व्हिस्की, रम वगैरे साधारण ४२.८ टक्के. साठचा लार्ज म्हणजे जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टर १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम. आता स्ट्राँग बियर, ८ टक्क्यांची, ६५० मिलीची बाटली, ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज. शुक्रवारी दोन बाटल्या मारल्यात तर क्वार्टरच्या पुढे गेलात, वर 'हार्ड घेत नाही' म्हणून कॉलर ताठ. माइल्ड ५ टक्क्यांची असेल तर पंचवीस-सव्वीस ग्रॅम, जरा बरं.

आणि 'रोज एक पेग हार्टला चांगला' हे आता विसरा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सुरक्षित असं प्रमाणच नाही. कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत अल्कोहोल १९८८ पासून आहे, तंबाखूच्या शेजारी. पाकिटावर चित्र छापतात, बाटलीवर बारीक अक्षरात एक ओळ असते एवढाच फरक.

अजून एक, महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो, बियर-वाईनला वय २१, हार्डला २५. इथल्या किती जणांनी तो परवाना डोळ्याने पाहिलाय ते विचारत नाही.

चौथी_सीट

दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरच्या वर? च्यायला. ग्रुपवर टाकतो हे.

गोरेगावकर

मी स्वतः पीत नाही पण भावासाठी विचारतोय, खरंच भावासाठी. वय ४४, सात-आठ वर्षं रोज क्वार्टर, हल्ली दुपारी पण. वहिनी माहेरी गेली ऑक्टोबरमध्ये तेव्हापासून जास्तच. काल त्याने स्वतःहून आईच्या पायावर हात ठेवून सांगितलं की थर्टी फर्स्टची शेवटची, एक तारखेपासून पूर्ण बंद, खोलीत कोंडून घेतो, तीन दिवस दार उघडू नका. आई खूश आहे, नवस बोललीय. मला पण बरं वाटतंय पण सकाळी त्याचा चहाचा कप बशीवर वाजतो ते बघून भीती वाटते. काय करू?

रात्रपाळी

गोरेगावकर, हे आधी वाचा, बाकी धागा नंतर. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सायकियाट्रीला आहे. इथून कोणाला तपासता येत नाही पण तुम्ही लिहिलंय त्यात दोन गोष्टी आहेत, सकाळचा कंप आणि दुपारची दारू. असा माणूस एकदम, एकटा, खोली बंद करून थांबवायचा नाही.

सिगारेट एका झटक्यात सोडली तर माणूस चिडचिडा होतो, मरत नाही. रोजची दारू वेगळी. वर्षानुवर्षं रोज अल्कोहोल मिळाल्यावर मेंदू त्याच्या विरुद्ध जोर लावून बसलेला असतो, दारू काढली की तो जोर तेवढा उरतो. पहिल्या सहा-आठ तासात हात थरथरणं, घाम, मळमळ. बारा ते अठ्ठेचाळीस तासात फिट येऊ शकते, आयुष्यात कधी न आलेल्याला पण. आणि दोन-तीन दिवसांनी काहीजणांना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कोण कुठला कळत नाही, ताप, बीपी वर. याला डिलिरियम म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर यात माणसं जातात. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे असे पेशंट येतात आणि घरचे हेच सांगतात, 'चांगलं सोडलं होतं हो त्याने.' तुमचा भाऊ तीन दिवस दार उघडू नका म्हणतोय ते नेमके हेच तीन दिवस आहेत.

तर एक तारखेची वाट बघू नका. उद्या-परवा त्याला घेऊन कुठल्याही मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत या, केईएमला व्यसनमुक्तीचं वेगळं काम चालतं. तोपर्यंत त्याने स्वतःच्या मनाने झटक्यात बंद करू नये. औषधं देऊन आठवडाभरात सुरक्षित उतरवता येतं, सोबत बी-वन म्हणजे थायमिन देतात, ते फार महत्त्वाचं, नुसतं ग्लुकोजचं सलाईन गल्लीतल्या दवाखान्यात लावून घेऊ नका. मध्येच फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला तर सरळ १०८.

आणि एक, लोकलच्या डब्यात स्टिकर असतात ना, 'न सांगता दारू सोडवा', जेवणात पूड मिसळा वगैरे. त्या पुडीत काय असतं कोणालाच माहीत नसतं. काही घरांत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायचं एक औषध, ते पण असंच भाजीत घालतात. ते औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल, छातीत धडधड, बीपी धाडकन खाली, जीवावर बेतू शकतं. ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

गोरेगावकर

धन्यवाद डॉक्टर. आई म्हणतेय त्याने शपथ घेतलीय तर आता हॉस्पिटलात नेऊन त्याचं मन मोडू नको. मागे एकदा कल्याणच्या पुढे एका केंद्रात ठेवला होता, नाव लिहीत नाही, तिथे डॉक्टर दिसलाच नाही, नुसतं कोंडून ठेवलं, त्यामुळे तो पण घाबरतो. बघतो समजावून.

रात्रपाळी

आईला सांगा शपथ मोडत नाहीये, शपथ पाळायला मदत घेतोय. नेताना अ‍ॅडमिट करणार असं सांगू नका, तपासायला नेतोय म्हणा, तेच खरं आहे, अ‍ॅडमिट करायचं का ते आम्ही बघून ठरवतो.

स्लो_लोकल

गोरेगावकर, औषधांनी उतरली की पुढे एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, पण बघा. पैसे लागत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, शाळांच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी मिटिंगा असतात, मराठीतल्या पण. माझे मामा अजून जातात, सुटून जमाना झाला तरी. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं, आईला तिथे न्या, त्यांना जास्त गरज असते.

हिरवा_सिग्नल

नवीन आयडी काढून लिहितोय, समजून घ्या.

दारू नाही, सिगारेट 'नाही', फक्त जॉइंट. कॉलेजात अधूनमधून होतं, वर्क फ्रॉम होमपासून रोज रात्री, त्याशिवाय झोप नाही. अंधेरीत एकटा राहतो. काम चालू आहे, ईएमआय चालू आहे, त्यामुळे प्रॉब्लेम आहे असं कोणाला वाटत नाही, मला पण वाटत नव्हतं. पण हल्ली संध्याकाळी कोणी भेटायला बोलावलं की पहिला विचार येतो की परत कधी येता येईल. मागे एकदा सोडलं होतं तर इतकी भयानक स्वप्नं पडली की परत सुरू केलं. सगळीकडे लिहिलेलं असतं गांजाचं व्यसन लागत नाही, मग हे काय आहे?

खारीबटर

भावा गांजा नॅचरल आहे, शंकराचा प्रसाद आहे, लोड नको घेऊ

मापात_पाप

धोतरा पण नॅचरल आहे आणि तो पण शंकरालाच वाहतात. खाऊन दाखव.

रात्रपाळी

हिरवा_सिग्नल, बरं झालं लिहिलंत. व्यसन लागत नाही हे खरं नाही. सगळ्यांना लागत नाही, रोज ओढणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना लागतं. सोडल्यावर चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं, घाम, हे पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, झोपेला थोडा जास्त वेळ. स्वप्नांचं कारण असं की रोजच्या गांजाने स्वप्नांची झोप दाबलेली असते, बंद केलं की ती उसळून येते. ते उतरणीचं लक्षण आहे, डोकं बिघडल्याचं नाही. मागच्या वेळी तुम्ही नेमके त्या टप्प्यावर परत सुरू केलंत.

आता एक विचारते, जॉइंट कसा भरता? मुंबईत बहुतेक लोक सिगारेट रिकामी करून त्यातलाच तंबाखू मिसळून भरतात. तसं असेल तर तुम्ही सिगारेट 'नाही' म्हणता ते अर्धंच खरं, रोज रात्री निकोटिन पण जातंय आणि तलफ दोन्हीची मिसळलेली आहे. म्हणून गांजा सोडणारा दिवसा सिगारेटी वाढवतो, आणि सिगारेट सोडलेला माणूस शनिवारी एका जॉइंटने परत तंबाखूवर येतो. चौथी_सीट, हे तुमच्या ग्रुपमधल्या दोघांना पण लागू.

हिरवा_सिग्नल

हो, सिगारेट मोकळी करूनच. हा विचारच केला नव्हता. ओपीडीत यायचं तर पोलिसांचं काही झंझट?

रात्रपाळी

उपचाराला आलात म्हणून आम्ही पोलिसांना फोन करत नाही, रोज असे पेशंट येतात. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात ६४-अ कलम आहे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमधला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण काढून घेऊ शकतात. नुसतं बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि मन फार खाली गेलं तर टेलिमानस १४४१६.

खारीबटर

पण भांग तर लीगल आहे ना?

मापात_पाप

केंद्राच्या त्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ, नुसती पानं त्यात येत नाहीत म्हणून हा समज पसरलाय. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो. तुझा शंकर उत्तर प्रदेशात राहतो, इथे उत्पादन शुल्कवाले राहतात.

गोळेकाका

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सुपारीफुटी

सिगारेटवाल्यांसाठी लिहितो, कारण माझी सुटली आहे आणि कशाने सुटली ते माहीत आहे.

निकोटिन गम. बरेच लोक म्हणतात आम्ही खाल्लं, काही झालं नाही, तोंड भाजलं. कारण ते च्युइंगगमसारखं चघळतात. ते तंबाखूसारखं धरायचं असतं. चार-सहा वेळा हळू चावा, जीभ झिणझिणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, चव गेली की परत चावा, अर्धा तास चालतं. चहा-कॉफीवर लगेच नाही, पंधरा मिनिटं मध्ये जाऊ द्या, नाहीतर निकोटिन शोषलंच जात नाही. २ मिलीग्रॅमची केमिस्टकडे सहज मिळते. उठल्या उठल्या अर्ध्या तासात पहिली पेटवणारे असाल तर तुमची पकड जास्त आहे, नुसत्या गमच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरकडे जा, गोळ्या पण आहेत.

दुसरं कोणी सांगत नाही ते, चहा अर्धा करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर जाळतं, धूर बंद झाला की तोच चार कटिंगचा कोटा दुप्पट चढतो. लोकांना वाटतं सिगारेट सोडल्याने धडधड होतेय, झोप लागत नाहीये, त्यात निम्मा हात चहाचा असतो.

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा नाक्यावर जायचंच नाही. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्विटलाइनचा नंबर खरा आहे, लागतो, समुपदेशक बोलतात आणि नंतर फोन करून विचारतात पण. मी चित्राकडे बघायला नको म्हणून पाकीट उलटं ठेवायचो, त्यामुळे नंबर दिसायचा.

चौथी_सीट

हे भारी आहे, थँक्स. व्हेपवर शिफ्ट होऊन मग कमी करावं असं एकजण म्हणत होता.

सुपारीफुटी

ई-सिगारेट २०१९ पासून देशात बंद आहे, विकणं, आणणं, साठवणं सगळंच. जे मिळतं ते चोरीछुपे आलेलं, आत काय भरलंय देव जाणे. आणि रस्त्यावर सिगारेट पिताना निदान खिशातून काढावी लागते, व्हेप लोक बेडवर उशीखाली ठेवतात.

गोरेगावकर (३० डिसेंबर)

अपडेट. नेलं काल. आई पण आली शेवटी. डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले आणि दोन-चार प्रश्न विचारून अ‍ॅडमिट करून घेतलं. पहिल्या रात्री त्याला वॉर्डातल्या पंख्याला कोणीतरी बसलंय असं वाटत होतं. घरी बंद खोलीत हे झालं असतं तर आम्ही दार पण उघडलं नसतं, त्यानेच सांगून ठेवलं होतं. आता बराच शांत आहे. सिस्टरांकडे सिगारेट मागतोय, त्या देत नाहीयेत.

रात्रपाळी

छान केलंत. ते पंख्याचं एक-दोन दिवसांत जाईल बहुतेक, पण लक्ष ठेवायला सांगितलंच असेल. डिस्चार्जनंतरचा फॉलोअप चुकवू नका, तिथेच लोक निसटतात.

ठाण्याची_काकू

आईंना माझा नमस्कार सांगा. नवस फेडून टाका म्हणावं, नारळाचाच असेल तर.

चौथी_सीट

माझं ठरलं ते लिहून टाकतो. एक तारीख ठेवत नाही, थर्टी फर्स्टच्या जागरणानंतर सकाळी काय होतं ते दरवर्षी बघितलंय. सोमवार धरलाय, ५ तारीख. गम आणून ठेवलंय. अकराच्या ब्रेकला टपरीच्या गेटने बाहेर पडायचं नाही, मागच्या गेटला नारळपाणीवाला असतो तिकडे जायचं, ग्रुपमधला अजून एकजण सोबत यायला तयार आहे. दारूला महिन्यातून दोनदा, आणि मापात_पाप यांचं गणित वाचल्यापासून स्ट्राँग बंद. सिगारेट सोडताना पहिले काही आठवडे बसायलाच जाऊ नको असं बायको म्हणतेय, दुसऱ्या पेगला हात खिशात जातोच म्हणून, आणि तिचं बरोबर आहे.

हिरवा_सिग्नल

मी १४४४६ ला फोन केला. बाई मराठीत बोलल्या, घाई करत नव्हत्या. पुढच्या आठवड्यात ओपीडी. घरात होतं ते फ्लश केलंय, रोलिंग पेपर राहिलेत, त्यांचं काय करायचं कळत नाहीये.

खारीबटर

चिकटपट्टी म्हणून वापर. सिरियसली, ऑल द बेस्ट, मी वरती जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस.

बाकी १० तारखेला शनिवारी कर्जतला हुरडा पार्टी आहे, गाडी मी चालवतोय, म्हणजे मी कोरडा. दोन सीट रिकाम्या आहेत. स्लो_लोकल, तू तुझी पण काढ, आठ जण झालेत. काकू, कोकम सरबत आठ जणांना किती लागेल?

ठाण्याची_काकू

आगळ अर्धा लिटर पुरेल, वर जिरेपूड आणि मीठ. साखर घालू नका, हुरड्याबरोबर गोड नाही लागत.